फतेहगडाची सत्तर वर्षे
(गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि हमीदिया रुग्णालय, भोपाळ)

भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठावर फतेहगडाची टेकडी आहे. अठराव्या शतकात दोस्त मोहम्मद खानाने तिथे किल्ला बांधला आणि त्याच्या आसऱ्याने शहर वाढले. किल्ल्यावर पहारा देणाऱ्यांना नमाज पढता यावा म्हणून बांधलेली ‘ढाई सीढी की मस्जिद’ आजही तिथे आहे. देशातल्या सर्वात लहान मशिदींत तिची गणना होते. याच आवारात गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि हमीदिया रुग्णालय उभी आहेत. शहरातला कोणीही माणूस ‘हमीदियाला नेले’ म्हणाला की प्रसंग गंभीर आहे हे समजते. भोपाळमधल्या मराठी घरांतही हे वाक्य तितकेच परिचयाचे.

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे इमारती, खाटा आणि उद्घाटनांची जंत्री द्यायची, असा प्रघात आहे. तीही यात येईल. पण गेल्या चाळीस वर्षांत या टेकडीवर दोन महासंकटे चालून आली आणि दोन्ही वेळा रुग्णालय तगले ते शिकणाऱ्या मुलामुलींच्या आणि तात्पुरत्या नेमणुकीवर आलेल्या हातांच्या बळावर. म्हणून हा इतिहास मुख्यतः त्यांचा आहे. त्यांना कसे आणले, कसे वागवले आणि संकट ओसरल्यावर त्यांचे काय झाले, हे नोंदवल्याशिवाय तो पुरा होणार नाही.

मुहूर्तमेढ

महाविद्यालयाची मुहूर्तमेढ १३ ऑगस्ट १९५५ रोजी तत्कालीन रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते रोवली गेली. तेव्हा आजचे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वातही नव्हते. भोपाळ हे वेगळे छोटे राज्य होते आणि डॉ. शंकरदयाळ शर्मा त्याचे मुख्यमंत्री होते. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, नवे मध्य प्रदेश आकाराला आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. थोडक्यात, राजधानी होण्याआधीच शहराने डॉक्टर घडवायला सुरुवात केली होती. महाविद्यालयाला गांधीजींचे नाव मिळाले. रुग्णालयाचे नाव भोपाळचे अखेरचे नवाब हमीदुल्ला खान यांच्यावरून आले.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची घडण इतर रुग्णालयांपेक्षा निराळी असते. वर प्राध्यापक, त्यांच्या हाताखाली सहयोगी आणि सहायक प्राध्यापक. पण रात्री दोन वाजता वॉर्डात जागा असतो तो पदव्युत्तर शिक्षण घेणारा निवासी डॉक्टर, आणि त्याच्या मदतीला इंटर्न. सरकारी कागदावर तो विद्यार्थी. रुग्णाच्या नातेवाइकाच्या दृष्टीने मात्र तोच ‘डॉक्टरसाहेब’. त्याच्याबरोबर स्टाफ नर्स, वॉर्डबॉय, आया आणि सफाई कर्मचारी. ही साखळी कुठेही तुटली तर वरचे कितीही नामवंत प्राध्यापक रुग्णालय चालवू शकत नाहीत.

१९८४ : एका रात्रीची परीक्षा

२ डिसेंबर १९८४ ची रात्र उलटून ३ तारीख लागली, त्या सुमारास युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली. टाकीतले सुमारे ४० टन रसायन हवेत मिसळले. डोळे जळत असलेली, धाप लागलेली माणसे मिळेल त्या वाहनाने, पायी, मुलांना खांद्यावर घेऊन हमीदियाकडे निघाली. वायू कोणता, त्यावर उतारा काय, याची माहिती डॉक्टरांकडे नव्हती. कारखान्याने ती शहराला कधी दिलीच नव्हती.

मेडिसिन विभागाचे प्रमुख डॉ. एन. पी. मिश्रा यांनी त्या रात्री वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना आणि इंटर्नना रुग्णालयात बोलावून घेतले. डोळे पाण्याने धुणे, डोळ्यांत थेंब घालणे, ऑक्सिजन लावणे, जिवंत कोण आणि गेलेले कोण हे पाहून वेगळे करणे, अशी कामे पुस्तके हातात असलेल्या मुलांनी केली. न्यायवैद्यक विभागाचे डॉ. हीरेश चंद्र आणि त्यांचे सहकारी डॉ. डी. के. सत्पथी यांनी शवविच्छेदने केली. मृतांच्या शरीरातले पुरावे जपून ठेवले गेले ते त्यांच्यामुळे. वायुपीडितांना उतारा म्हणून सोडियम थायोसल्फेट द्यावे की नाही, हा वाद पुढे देशभर गाजला. त्याचा उगमही या शवागारातल्या निरीक्षणांत होता.

महाराष्ट्राचा या पर्वाशी जवळचा संबंध आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांच्या चमूने वायुपीडितांच्या फुफ्फुसांवरील परिणामांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. महाराष्ट्रात ज्याची पाळेमुळे घट्ट आहेत त्या ‘मेडिको फ्रेंड सर्कल’च्या डॉक्टरांनी मार्च १९८५ मध्ये भोपाळच्या वस्त्यांत जाऊन पाहणी केली आणि आजार केवळ डोळ्यांपुरता आणि फुफ्फुसांपुरता मर्यादित नाही हे दाखवून दिले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सुरू केलेले संशोधन १९९४ मध्ये थांबले. रुग्ण मात्र थांबले नाहीत. श्वासाचे विकार घेऊन ते हमीदियाच्या ओपीडीत येत राहिले.

वायुपीडितांसाठी पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून भोपाळ मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि २००० साली सुरू झाले. उत्तम इमारत, भारी यंत्रसामग्री, हाताशी निधी. तरीही काही वर्षांतच तज्ज्ञ सोडून जाऊ लागले. संस्थेचा कारभार एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला, सेवानियम आणि बढत्या अधांतरी राहिल्या आणि महत्त्वाच्या विभागांत तज्ज्ञ मिळेनासे झाले. तिथे उपचार न झालेले अनेक वायुपीडित पुन्हा हमीदियाची पायरी चढले. माणूस टिकवण्याची तजवीज नसेल तर पैशाने उभे केलेले रुग्णालयही रिकामे होते, हे शेजारच्याच संस्थेने आपल्याला दाखवले.

२०२० : दुसरी परीक्षा

मार्च २०२० मध्ये भोपाळात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. २३ मार्चला राज्यात सत्तांतर झाले आणि त्यानंतर जवळजवळ महिनाभर राज्याला आरोग्यमंत्रीच नव्हता. शहरातल्या सुरुवातीच्या बाधितांत आरोग्य विभागाचेच अधिकारी आणि कर्मचारी मोठ्या संख्येने होते. पहिल्या काही मृतांत वायुपीडितांचा भरणा होता. ३५ वर्षांपूर्वी जळलेल्या फुफ्फुसांवर नवा विषाणू तुटून पडला होता.

महामारीत माणसे इतकी अपुरी का पडली, हे कोविड वॉर्डातली एक पाळी पाहिली की कळते. निवासी डॉक्टर पीपीई किट चढवतो: दोन जोड हातमोजे, एन-९५ मास्क, वर फेसशील्ड, पायात आवरणे. एकदा आत गेल्यावर सहा तास पाणी नाही, स्वच्छतागृह नाही. चष्म्यावर वाफ धरते, पाठीवर नाव लिहिलेले असल्याशिवाय सहकारी ओळखू येत नाही. किट उतरवायला अर्धा तास लागतो, कारण संसर्ग होण्याचा सर्वाधिक धोका तेव्हाच असतो. मग त्या तुकडीला काही दिवस विलगीकरण. म्हणजे एक तुकडी आत, एक विलगीकरणात, एक पुढच्या पाळीच्या तयारीत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स हवी हा साधा नियम पाळायचा म्हटला तरी माणसे नेहमीच्या कितीतरी पट लागतात. त्यात रोज कोणी ना कोणी पॉझिटिव्ह निघतो.

एप्रिल २०२१ ची दुसरी लाट याहून भीषण होती. भदभदा विश्रामघाटावर चितांना जागा पुरेना. ऑक्सिजनचा टँकर कुठवर आला याची चौकशी डॉक्टर फोनवर करत होते. १९८४ मध्ये विद्यार्थ्यांना हाक देणारे डॉ. मिश्रा तेव्हा नव्वदीच्या घरात होते. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२२ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपल्या हयातीत दोन्ही संकटे पाहिलेले ते संस्थेचे ज्येष्ठ साक्षीदार होते.

भरती आणि तिची मुदत

सरकारी रुग्णालयात नियमित पद भरणे ही लांबलचक प्रक्रिया आहे. आधी पद मंजूर व्हावे लागते, वित्त विभागाची संमती लागते, मग जाहिरात, परीक्षा, कागदपत्रांची पडताळणी. यात कधी कधी वर्षे जातात. महामारीला तितकी सवड नव्हती. म्हणून केंद्राच्या आपत्कालीन पॅकेजमधून तात्पुरती भरती झाली. एप्रिल २०२० मध्ये १५,००० कोटी रुपयांचे पहिले पॅकेज आले, जुलै २०२१ मध्ये २३,१२३ कोटींचे दुसरे. आयुष डॉक्टर, नर्सेस, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, डेटा एंट्री ऑपरेटर असे असंख्य तरुण-तरुणी काही महिन्यांच्या करारावर राज्यभर कामाला लागले. घरच्यांचा विरोध पत्करून आलेल्या या मंडळींना भाड्याच्या खोल्या मिळणे मुश्कील झाले होते.

या नेमणुकांचा जीव पॅकेजच्या मुदतीइतकाच होता. पहिली लाट ओसरली आणि करार संपवण्याचे आदेश निघाले. डिसेंबर २०२० च्या सुरुवातीला राज्यभरातले हे कर्मचारी भोपाळच्या नीलम पार्कमध्ये धरणे धरून बसले. तिथे त्यांच्यावर पोलिसांचा लाठीमार झाला. काही महिन्यांपूर्वी ज्यांच्यासाठी शहराने थाळ्या वाजवल्या होत्या, तेच हे लोक. चारच महिन्यांनी दुसरी लाट आली आणि पुन्हा जाहिराती काढून नवे हात शोधावे लागले. अनुभवी माणूस घालवून नवख्याला किट घालायला शिकवण्यात जो वेळ गेला, त्याची किंमत रुग्णांनी मोजली. संस्थेच्या इतिहासातला हा धडा ठळक अक्षरांत लिहिण्यासारखा आहे.

मे २०२१ मध्ये केंद्राने जाहीर केले की कोविड सेवेचे १०० दिवस पुरे करणाऱ्यांना नियमित सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल. हा विचार अगदी योग्य होता. मात्र प्राधान्य द्यायचे तर नियमित भरती निघावी लागते, आणि कोणी कुठे किती दिवस काम केले याची नोंद नीट ठेवावी लागते.

कनिष्ठ डॉक्टर

दुसरी लाट उतरणीला लागली तेव्हा, ३१ मे २०२१ पासून, मध्य प्रदेशच्या सहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतले कनिष्ठ डॉक्टर संपावर गेले. भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, रीवा आणि सागर इथले सुमारे ३,००० डॉक्टर त्यात होते. स्टायपेंडमध्ये वाढ हवी, आणि काम करताना आपल्याला किंवा आपल्या कुटुंबीयांना लागण झाली तर मोफत उपचार हवेत, या त्यांच्या प्रमुख मागण्या. उच्च न्यायालयाने ३ जूनला संप बेकायदा ठरवला, त्यावर डॉक्टरांनी सामूहिक राजीनामे दिले. अखेर १७ टक्के वाढीवर तडजोड झाली आणि ७ जूनला ते कामावर परतले. स्वतःच्या उपचारांची हमी डॉक्टरला संप करून मागावी लागली, याची खंत या संस्थेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला वाटली पाहिजे. त्याच महिन्याच्या अखेरीस वेतनश्रेणी आणि पदोन्नतीसाठी राज्यातल्या सरकारी नर्सेसनीही काम थांबवले.

याच काळात आणखी एक खड्डा पडला. पदव्युत्तर प्रवेशाची नीट परीक्षा एप्रिलवरून सप्टेंबर २०२१ वर गेली. पुढे आरक्षणाच्या उत्पन्नमर्यादेचा वाद न्यायालयात गेला आणि प्रवेशफेऱ्या जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या. एक तुकडी बाहेर पडायच्या बेतात, दुसरी यायची बाकी. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांची जागा रिकामी. त्यांचे काम उरलेल्यांच्या खांद्यावर पडले. महामारीनंतर दमलेल्या माणसांना विसावा मिळायचा तर त्यांच्याच पाळ्या वाढल्या.

नर्सेस कुठून येणार?

डॉक्टर कमी पडले की बातमी होते. नर्सेस कमी पडल्या की त्याची बातमी होत नाही, रुग्णाला फक्त सलाइन बदलायला वेळ लागतो. कोविडनंतर नर्सेसची गरज सर्वांनाच पटली, पण ज्या विहिरीतून पाणी काढायचे तीच गढूळ निघाली. राज्यातली कित्येक नर्सिंग कॉलेजे इमारत, शिक्षक आणि संलग्न रुग्णालय नसतानाच मान्यता घेऊन बसली होती. २०२२ मध्ये हे प्रकरण जनहित याचिकेद्वारे जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेले, परीक्षांना स्थगिती मिळाली, सीबीआयने ३०० हून अधिक कॉलेजांची तपासणी केली आणि २०२४ च्या सुरुवातीला १६९ कॉलेजे योग्य ठरवली. मे महिन्यात सीबीआयने लाच घेतल्याच्या आरोपावरून आपल्याच अधिकाऱ्यांना अटक केली आणि न्यायालयाने त्या १६९ कॉलेजांची फेरतपासणी करायला सांगितले.

यात होरपळल्या त्या खेड्यापाड्यांतून आलेल्या, घरच्यांनी कर्ज काढून शिकवलेल्या मुली. कोविडच्या वर्षी प्रवेश घेतलेल्या अनेकींना पहिल्या वर्षाची परीक्षा द्यायला तीन वर्षे थांबावे लागले. रुग्णालयांना नर्सेस हव्या होत्या, मुलींना नर्स व्हायचे होते आणि मधली वाट बंद पडली होती. चांगल्या शासकीय नर्सिंग कॉलेजच्या जागा वाढवणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

ओसरल्यानंतर

महामारीने थकलेली संस्था सावरत असतानाच ८ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री हमीदियाच्या आवारातल्या कमला नेहरू बालरुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. कक्षात ४० बाळे होती. धुरात शिरून कर्मचाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी ती बाहेर काढली. सरकारी आकड्यानुसार ३६ वाचली, चार बाळे गेली. पाठोपाठ अधिष्ठाता आणि अधीक्षक यांना पदावरून हटवण्यात आले. अग्निशमन यंत्रणेची देखभाल आणि तिचा सराव झालेले कर्मचारी हा रुग्णसेवेचाच भाग आहे, ही जाणीव त्या रात्रीने फार मोठी किंमत घेऊन दिली.

२०२३ च्या जुलैअखेर महाविद्यालयातल्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने जीवन संपवले. सहकारी निवासी डॉक्टरांनी काम थांबवले, कामाच्या तासांचा आणि विभागातल्या वागणुकीचा प्रश्न उघडपणे मांडला आणि विभागप्रमुख बदलले गेले. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ४८ तासांच्या मर्यादेत असावे, असे केंद्राचे निर्देश १९९२ पासून आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाने २०२४ मध्ये ७४ तासांची मर्यादा आणि आठवड्याला एक सुट्टी सुचवली. जिथे मर्यादा शिफारशीतून आणखी वर सरकते, तिथे वॉर्डात प्रत्यक्ष काय चालत असेल याची कल्पना करता येते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या महिला निवासी डॉक्टरच्या हत्येनंतर भोपाळचे निवासी डॉक्टरही रस्त्यावर आले. रात्री झोपायला सुरक्षित खोली आणि उजेड असलेला व्हरांडा, इतक्या मूलभूत गोष्टी ते मागत होते.

काही दारे उघडलीही. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या हजारो संविदा, म्हणजे करारावरच्या, कर्मचाऱ्यांनी संप केला. जुलै २०२३ मध्ये भोपाळला झालेल्या संविदा कर्मचाऱ्यांच्या संमेलनात दरवर्षी कराराच्या नूतनीकरणाची अट काढण्याची घोषणा झाली. जानेवारी २०२४ मध्ये सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण ही दोन खाती एकत्र करण्याचा निर्णय झाला. त्यामुळे जिल्हा रुग्णालय आणि महाविद्यालय यांच्यात माणसे वाटून घेणे सोपे व्हायला हवे. टेकडीवर नव्या बहुमजली इमारती उभ्या राहिल्या, सुलतानिया जनाना रुग्णालयही तिथे हलवले गेले. खाटा वाढल्या. आता त्या खाटांच्या प्रमाणात माणसे वाढवायची आहेत.

पुढची वाट

जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १,१५,००० आरोग्य कर्मचारी कोविडने गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतले कितीतरी आपल्या देशातले होते. अशा कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी ५० लाखांच्या विम्याची योजना केंद्राने आणली, राज्यानेही योद्धा कल्याण योजना जाहीर केली. त्या योजना गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी होत्या. जे राहिले, ज्यांनी दोन्ही लाटा अंगावर घेतल्या, त्यांचे देणे अजून बाकी आहे.

हे देणे फेडण्याचा मार्ग अवघड नाही. कोविडकाळात या आवारात काम केलेल्या प्रत्येकाची, मग तो प्राध्यापक असो, इंटर्न असो, संविदा नर्स असो की आउटसोर्स सफाई कामगार, सेवेच्या दिवसांसह नोंद संस्थेने जतन करावी. नियमित भरतीत त्या दिवसांना गुण मिळावेत. पुढच्या आणीबाणीत बोलावता येतील अशा प्रशिक्षित माणसांची यादी कायम तयार असावी आणि वर्षातून एकदा त्यांचा सराव व्हावा. ड्यूटीवरच्या प्रत्येकाला, करार कोणताही असो, स्वतःच्या रुग्णालयात मोफत उपचार मिळावेत. निवासी डॉक्टरांचे तास फलकावर लिहिले जावेत आणि पाळले जावेत. कोणाला मन मोकळे करायचे असेल तर विभागप्रमुखाच्या अधिकाराबाहेरची, विश्वासाची जागा असावी.

१९८४ ला वसतिगृहातून धावत आलेल्या मुलांना कोणी नेमणूकपत्र दिले नव्हते, आणि २०२० च्या मुलांच्या हातात होते ते काही महिन्यांचे. तरीही दोन्ही पिढ्या मागे हटल्या नाहीत. पुढची पिढीही हटणार नाही, हा विश्वास सत्तर वर्षांच्या इतिहासाने दिला आहे. मात्र तिच्या चांगुलपणावर विसंबून राहण्याचा अधिकार आता संस्थेला आणि शासनाला उरलेला नाही. पुढचे संकट येण्याआधी मंजूर पदे भरली जावीत. या वर्धापनाच्या निमित्ताने आम्हा भोपाळकरांची हीच मागणी आहे.